पेटी निवडताना

वाद्य शिकण्याची इच्छा पुष्कळदा उशिरा जागी होते, आणि ती जागी झाली की घरातील प्रत्येकाला त्यावर मत असते. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी, संसार, शेती सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. म्हणून ६३व्या वर्षी पेटी शिकू पाहणारी माझी आई तुम्हाला परकी वाटू नये. नागपुरात महालातल्या एका भजनी मंडळात ती तीस वर्षे गायली. मग एकाएकी जाणे थांबवले. कारण विचारले तर गुडघे पुढे करी. खरे कारण आवाज होता. मंडळ काळी चारमध्ये गाते आणि आईला तार षड्ज गाठता येईनासा झाला होता.

पेटी हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की तिचे परकेपण विसरलो आहोत. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने घडवलेले हे वाद्य पायाने हवा भरून वाजवले जाई. आपल्याकडे लोक मांडी घालून बसतात. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि ती जमिनीवर उतरली. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने तिला थोरवी दिली. ‘मानापमान’ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक म्हणूनच गाजले होते.

तरीही तिच्यावर आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. सामान्यतः पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या नादातून आपोआप उमटणारा गंधार ३०० कंपनांचा असतो. पेटीचा गंधार ३०२च्याही किंचित वर जातो. फरक एवढासाच, पण तयार कानाला तो खुपतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही. अशाच कारणांनी १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही ते बंदच होते; ते किलकिले होऊ लागायला १९७१ उजाडावे लागले. डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, पण ती नवशिक्याने घ्यायची वस्तू नव्हे.

मग नवशिक्याने काय घ्यावे? कीबोर्ड सुचवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्याला भाता नाही, तो जुळवावा लागत नाही, कानाला यंत्र लावून रात्री वाजवता येतो, आणि एका बटणाने स्वर खालीवर होतो. तुमचा डावा खांदा आखडला असेल तर कीबोर्डच घ्या. त्यात कमीपणा मानू नका. पण भजन वा अभंग गायचा असेल तर भात्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. गाणाऱ्याचा श्वास आणि भात्याची हवा यांचे नाते हाताला कळत जाते. बटण दाबून ते कळत नाही.

सीताबर्डीवरच्या दुकानात विक्रेत्याने आईपुढे स्केल चेंजर पेटी ठेवली. हिच्या पट्ट्यांचा संच स्वरांवरून पुढेमागे सरकतो. बोटे त्याच पट्ट्यांवर राहतात, षड्ज मात्र बदलतो. अनेक गायकांना साथ करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. परंतु ती महाग, जड, आणि जितके सरकणारे भाग अधिक तितकी बिघडण्याची ठिकाणे अधिक. विक्रेता म्हणाला, “मावशी, मंडळात साथ करायची तर हीच घ्या.” आईने पेटीवर हात ठेवून शांतपणे सांगितले, “मी काय साथ करून राहिले का? मला माझा आवाज कुठे आहे ते पाहायचं आहे.”

तिने एकेक पट्टी दाबत गुणगुणायला सुरुवात केली. काळी चारवरून खाली येत येत पांढरी चारवर ती थांबली. तीन स्वर खाली. तिथे तार षड्ज कष्टाविना लागला. दुकानात कोणी बोलले नाही. आणखी एक गंमत अशी, की पांढरी चारपासून शुद्ध स्वर घेतले तर फक्त मध्यम काळ्या पट्टीवर पडतो, बाकी सारे पांढरे. वयाने आवाज उतरवला होता आणि बोटांची वाट सोपी करून ठेवली होती. ज्याच्या बोटांना अजून कसलीच सवय नाही, त्याने सवय जपणाऱ्या यंत्रासाठी पैसे का मोजावेत? आम्ही साधी, दुहेरी सुरांची, सव्वातीन सप्तकांची पेटी घेतली.

घेण्यापूर्वी मात्र तपासणी हवी, आणि तिथे लाजू नये. भाता भरा, स्वर न दाबता सोडून द्या. तो चटकन बसला किंवा फुसफुसला तर हवा गळते आहे. प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हवेवर दाबून पाहा. उशिरा बोलणारा स्वर तिथेच ओळखू येतो. पट्ट्या एका पातळीत आहेत का, डावीउजवीकडे हलतात का, हेही पाहा. पॉलिश आणि नक्षी शेवटी.

नागपुरात एवढ्याने भागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लाकूड आक्रसते, सांधे हवा सोडू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. म्हणून उन्हाळा पार केलेली पेटी दुकानात असेल तर तिला नवीकोरीपेक्षा अधिक मान द्यावा, असे मला वाटते. कूलरच्या झोतात ती कधीही ठेवू नका. ओल्या हवेने पितळी जिभा काळवंडतात आणि स्वर हलतो. घरात उंदीर असतील तर भात्याचे चामडे त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

आमची पेटी देवघराच्या खोलीत आहे, जिथे कूलर नाही. आई संध्याकाळी पांढरी चार धरून बसते. गंधार आला की ती पट्टीवरचे बोट उचलते, तेवढा स्वर गळ्यानेच घेते, आणि पंचमावर बोट पुन्हा खाली येते. तिला हे कोणी शिकवलेले नाही. मंडळातल्या दोघी आता गुरुवारी आमच्याकडे येतात. त्यांनाही काळी चार जड जात होती.