हिमवादळात उतरण्याची घाई

सह्याद्रीत तयार झालेल्या भटक्याच्या अंगात एक समज मुरलेली असते: हवा बिघडली, की उतरायला लागायचं. धुकं दाटलं, वळीव कोसळला, विजा कडाडू लागल्या, की माथा सोडून गाव गाठायचं. सह्याद्रीत ही समज बहुतेक वेळा बरोबर ठरते. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरचं. गाव काही तासांच्या अंतरावर असतं, आणि पावसानं वाट निसरडी झाली तरी ती पायाखालून नाहीशी होत नाही. दर वर्षी महाराष्ट्रातून असंख्य ट्रेकर हिमालयात जातात, तेव्हा ही समजही सोबत नेतात. तिथं ती जीव घेऊ शकते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: हिमवादळ चालू असताना न पाहिलेल्या उतारावर उतरू नये. जवळचा निवारा धरून थांबावं, नाहीतर वाट अजून ओळखू येते आहे तोवर आल्या वाटेनं मागं फिरावं. हे शक्य व्हावं, म्हणून निर्णय खिंडीवर पोहोचण्याआधी घ्यावा लागतो.

याचा सर्वांत कठोर पुरावा 2014 सालचा आहे. 12 ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचं उरलेलं बाष्प उत्तरेकडे सरकलं आणि 14 ऑक्टोबरला नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर प्रचंड बर्फ होऊन कोसळलं. ऑक्टोबर हा तिथला ऐन हंगाम, त्यामुळे वाटेवर गर्दी होती. त्या वादळात आणि त्यातून सुटलेल्या हिमकड्यांखाली त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते, भारतीय होते, वाटाडे आणि भारवाहकही होते. 5,416 मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथकडे उतरताना अनेकांचा अंत झाला. इथं उंचीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. खिंडीच्या चढणीच्या, म्हणजे मनांगकडच्या बाजूला सुमारे 500 मीटर खाली हाय कॅम्पचा निवारा होता, आणि सगळे त्याच वाटेनं वर आले होते. मुक्तिनाथ मात्र सुमारे 1,600 मीटर खाली, आणि त्या बाजूची पहिली चहाची दुकानंही हजारभर मीटर उतरल्यावर. तरीही पाय पुढच्याच उताराकडे वळतात, कारण मुक्काम तिकडे असतो. हंगाम नसतानाच असं होतं, असंही नाही. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालहून परतणारा कर्नाटकातील ट्रेकरांचा गट हिमवादळात सापडला आणि नऊ जण दगावले.

उतारावर नेमकं बिघडतं काय? पडतं बर्फ आणि ढग एकत्र आले, की आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होतात. सावली पडत नाही, त्यामुळे समोर पायरी आहे की कडा हे डोळ्यांना कळत नाही. पाऊलखुणा काही मिनिटांत बुजतात. सूर्य किंवा खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चाललो आहोत असं समजून गोल फिरतो, हे जर्मन संशोधकांनी 2009 मध्ये प्रयोगांनी दाखवलं आहे. अशा वेळी पाय आपसूक सखल भागाकडे, म्हणजे नाळेकडे ओढले जातात. सह्याद्रीत नाळ ही कोकणात उतरणारी हक्काची वाट. हिमालयात तीच हिमस्खलनाची वाट असते. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर बर्फाचे थर सर्वाधिक सुटतात, आणि धोका सर्वांत मोठा असतो तो जोरदार हिमवृष्टी चालू असताना आणि नंतरच्या पहिल्या दिवसात.

शरीरही उतारावर साथ सोडतं. चढताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, उतरताना त्याहून बरीच कमी. चढणीवर घामानं ओले झालेले कपडे मग वाऱ्यात गार पडतात. हवा उणे 10 अंश असेल आणि ताशी 50 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती उणे 22 अंशांसारखी झोंबते. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं, की बोलणं अडखळतं, हात ऐकेनासे होतात आणि सर्वांत वाईट म्हणजे विचार मंदावतो. वाट शोधण्यासाठी लागणारी बुद्धीच आधी निकामी होते.

यावर पहिला आक्षेप येतो विरळ हवेच्या आजाराचा. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली तर खाली उतरणं हाच उपचार आहे, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी बहुधा 300 ते 1,000 मीटर उतरणं पुरतं, गाव गाठावं लागत नाही. ओळखीच्या वाटेनं, वाटाड्यासोबत तेवढं उतरावं, आणि तेही अशक्य असेल तर प्राणवायू, आणि मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन हे औषध, वेळ मिळवून देतात. दुसरा आक्षेप असा, की थांबलं तर गारठून मरू. उघड्यावर, ओल्या कपड्यांत, थकून बसलेल्या माणसाबाबत हे खरंच आहे. म्हणून थांबायचं ते त्राण शिल्लक असताना. बर्फ उष्णता अडवतं. खणून केलेल्या बंदिस्त खोबणीत, हवेसाठी भोक राखलं, तर बाहेर उणे 20 असताना आत तापमान शून्याच्या आसपास राहू शकतं. कोरडे कपडे, अंगाखाली चटई आणि स्लीपिंग बॅग असेल तर रात्र काढता येते. हे सामान पुढच्या मुक्कामी पाठवून दिलेलं असेल तर मात्र पर्याय उरत नाही. तिसरा आक्षेप हवामानखात्याच्या अंदाजाचा. अंदाज जरूर पाहावा, पण बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ हिमालयातल्या खिंडीत दोन दिवसांनी काय करील, हे चालणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. हुदहुदचा मार्ग हवामानखात्याला ठाऊक होता, तरी वाटेवर गर्दी होतीच.

खरी अडचण रजेची आणि परतीच्या तिकिटाची आहे. कार्यक्रमात राखीव दिवस नसेल, तर मागं फिरणं म्हणजे ट्रेक बुडणं, आणि मग नेता व सभासद दोघंही ढगांकडे काणाडोळा करतात. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं: राखीव दिवस किती, खिंडीवरून मागं फिरण्याची वेळ कोणती, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या पाठीवर ऊबेचं सामान असेल का. वाटाड्यानं मागं फिरवलं तर त्याची मजुरी आणि बक्षिसी कापली जाणार नाही, हेही आधीच ठरवावं, कारण त्याचा नकार आपल्याला वाचवतो आणि त्याची किंमत त्यानं भरता कामा नये. या प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, तर त्या गटासोबत जाऊ नये.