दोन टोपल्यांतले मासे

चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे निघालेली एसटी आष्टीच्या पुलावर आली, की गाडीतली सगळी डोकी खिडकीकडे वळतात. खाली वैनगंगा पसरलेली असते. पावसाळ्यात तिचं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत चढतं, पण हिवाळ्यात ती अंग चोरून एका कडेने वाहते आणि बाकी सगळी नुसती वाळूच वाळू. पूल ओलांडला की आपण गडचिरोली जिल्ह्यात येतो. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. उंच, सरळ, परेडला उभा राहिल्यासारखा!

यंदाच्या हिवाळ्यात माझ्याबरोबर भाचेबुवा होते. मुक्काम पोस्ट नागपूर, इयत्ता सातवी. प्रश्नांची मशीनगन म्हटलं तरी चालेल. आम्ही निघालो होतो मुलचेऱ्याला.

मुलचेरा हे जंगलाच्या कुशीतलं छोटंसं तालुक्याचं गाव. पण मित्रांनो, इथल्या बाजारात पाच मिनिटं कान उघडे ठेवून उभे राहा. एकीकडे झाडीबोलीतली मराठी ऐकू येते, दुसरीकडे माडिया आणि गोंडी, पलीकडे तेलुगू, आणि मध्येच चक्क बंगाली! पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या भागात जमिनी देऊन वसवलं. त्यांची अनेक गावं या तालुक्यात आहेत. आता तिथली नातवंडं शाळेत मराठी आणि घरी बंगाली बोलतात.

जिथे बंगाली माणूस तिथे मासा हा हवाच. बाजारात मासळीच्या दोन टोपल्या शेजारी शेजारी होत्या. एका टोपलीमागे एक बंगाली मावशी बसल्या होत्या. त्यांच्या टोपलीत घरच्या तळ्यातले रोहू आणि कटला होते. दुसऱ्या टोपलीमागे एक ढिवर आजोबा होते. ढिवर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा समाज. आजोबांचे मासे होते प्राणहिता नदीतले. त्यात एक शिंगाळा तर एवढा लांब, की शेपूट टोपलीबाहेर लोंबत होतं.

"मामा, हाच घेऊ!" भाचा ओरडला. आणि लगेच, सवयीप्रमाणे, "पण नदीतला मासा चांगला असतो का? आमच्या नाग नदीतला मासा खाऊ नको म्हणते आई."

आजोबा हसले. "बाबू, पानी जसा असते, मासोरी तसीच असते. आमची नदी काही तुमच्या नागपूरची नाली नाही."

आजोबांचं पहिलं वाक्य सोळा आणे खरं होतं. दुसरं मात्र तपासून पाहायला हवं होतं. म्हणून मासे घ्यायच्या आधी आम्ही नदीच बघायला निघालो.

मुलचेरा आणि आष्टी यांच्यामध्ये चपराळा अभयारण्य लागतं. 1986 साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे 135 चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या कडेला, प्रशांतधाम देवस्थानापाशी, दोन मोठ्या नद्या भेटतात. एक वैनगंगा, दुसरी वर्धा. भेटल्यावर दोघीही आपापली नावं सोडून देतात आणि पुढे 'प्राणहिता' म्हणून वाहतात. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. प्राणहिता म्हणजे प्राणांचं हित करणारी! किती सुंदर नाव आहे, नाही?

संगमावर शांतता होती. पाणी स्वच्छ दिसत होतं. एक बगळा एका पायावर उभा राहून आमच्याकडे दुर्लक्ष करत होता. मी एक काटकी घेतली आणि वाळूवर नकाशा काढू लागलो.

"ही वैनगंगा. मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात उगम पावते. भंडाऱ्यावरून येते. आंभोऱ्याला तिला कन्हान मिळते. आता सांग, कन्हानला कोण मिळतं?"

भाचा गप्प.

"तुमची नाग नदी!"

त्याचे डोळे विस्फारले. मी रेघ पुढे नेली. नागपूर शहर पार करून नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे पवनीजवळ गोसीखुर्दचं मोठं धरण आहे, 1988 साली त्याची पायाभरणी झाली. त्याच्याही पुढे देसाईगंज, गडचिरोली, मार्कंडादेव करत करत वैनगंगा इथे येते.

"म्हणजे मामा, आमच्या मोरीतलं पाणी इथे येतं?"

"येतं. आणि ही बघ दुसरी रेघ, वर्धा. चंद्रपूरची झरपट मिळते इरईला, इरई मिळते वर्धेला. चंद्रपूरला 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. बल्लारपूरला वर्धेच्या काठी कागदाचा कारखाना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं."

म्हणजे बघा, मुलचेऱ्यात धड एक मोठा कारखाना नाही, शहर तर नाहीच. तरी दोन शहरांच्या नद्या त्याच्या दाराशी येऊन थांबतात. शहरातल्या नदीतला मासा खावा की नाही, हा प्रश्न असा जंगलातही येऊन पोचतो.

पण घाबरून जायचं कारण नाही. नदी ही मोठी कामसू बाई आहे. वाटेत ती स्वतःला धूत येते. सांडपाण्यातली घाण तिच्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. ऊन, वारा, खडकांवरून उड्या मारणारं पाणी, सगळे हातभार लावतात. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात रोगजंतूंपैकी पुष्कळसे मरतात. जे माशाबरोबर घरी येतील, ते चुलीवरच्या उकळत्या रश्शात संपतात. म्हणून मासा कधीही अर्धाकच्चा खायचा नाही.

या घाणीचा एक दुसराही तोटा आहे. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. तो फारच कमी झाला की मासे गुदमरतात आणि पांढरी पोटं वर करून तरंगू लागतात. फुकटात मिळाले म्हणून असे मेलेले मासे उचलू नयेत. ते गुदमरून मेले की विषाने, हे कोण सांगणार? काही ठिकाणी लोक पाण्यात कीटकनाशक ओतून मासे मारतात. तो मासा म्हणजे तर विकतचं आजारपण.

खरी काळजी तिसऱ्याच गोष्टीची आहे. शिसं, कॅडमियम, पारा असे जड धातू. त्यांना सूक्ष्म जीव खाऊन संपवू शकत नाहीत. ऊन मारत नाही, शिजवून ते जात नाहीत, हळद-मीठ लावून धुतले तरी जात नाहीत. कोळशात पारा अगदी किंचित असतो. पण कोळसा डोंगराएवढा जाळला, की त्या किंचितचंही बरंच होतं. तो हवेत जातो, पावसाबरोबर खाली येतो, नदीच्या आणि धरणाच्या गाळात बसतो. तिथले जिवाणू त्याचं एक जास्त विषारी रूप बनवतात. त्याला मिथिल मर्क्युरी म्हणतात.

मोठा मासा लहान माशाला खातो, याला आपल्याकडे 'मत्स्यन्याय' म्हणतात. विषही याच न्यायाने चढत जातं. समजा, एका बारीक माशाच्या अंगात विषाचा एक कण आहे. मध्यम मासा असे शंभर मासे खातो. मोठा मासा असे शंभर मध्यम मासे खातो. करा गुणाकार! शिवाय मोठा मासा वर्षानुवर्षं जगतो, म्हणजे साठवायला वेळही भरपूर. म्हणून शिंगाळा आणि मरळ यांच्यासारखे शिकारी मासे जितके मोठे, तितका त्यांच्यात पारा जास्त असायचा संभव. रोहू, कटला मात्र शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाणारे. ते या शिडीच्या खालच्या पायरीवर असतात.

जपानमधल्या मिनामाता गावाने हा धडा फार महागात शिकला. तिथल्या रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं पाणी समुद्राच्या खाडीत सोडलं जात होतं. आधी गावातली मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी धावू लागली. मग 1956 साली माणसांचा आजार उघडकीला आला. हातपाय थरथरायचे, दिसेनासं व्हायचं, बोबडी वळायची. आईच्या पोटातली बाळंही सुटली नाहीत. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला 1968 साल उजाडलं. आणि गंमत नव्हे, वाईट गोष्ट अशी, की खाडीतले मासे दिसायला ताजे फडफडीत होते!

म्हणूनच लाल कल्ले, चमकदार डोळे, घट्ट मांस पाहून मासा ताजा आहे एवढंच कळतं. तो निर्मळ आहे का, ते प्रयोगशाळेतच कळतं. आपल्या देशात साधारण माशासाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे साखरेचा जेमतेम एक दाणा! डोळ्यांनी कसा दिसणार?

"मग मामा, आजोबांचा मासा घ्यायचा नाही?"

हा प्रश्न मला जड गेला. कारण मासा हे इथलं सर्वांत स्वस्त पौष्टिक अन्न आहे. ज्या घरात रोज डाळ शिजत नाही, तिथल्या मुलाला मूठभर मासळीने ताकद मिळते. त्याला 'मासा खाऊ नकोस' म्हणणं सोपं आहे, पण त्या जागी ताटात काय वाढणार? आणि ढिवर आजोबांनी काय विकायचं? त्यांनी नदीत काहीच टाकलेलं नाही. टाकलं ते वरच्या अंगाला राहणाऱ्या आपण.

म्हणून शहाणपणाची वाट मधली आहे. मासा खावा, पण एकाच मोठ्या शिकारी माशावर रोज ताव मारू नये. लहान आणि शाकाहारी मासे जास्त खावेत. कल्ले, आतडी, काळीज काढून टाकावं, कारण काही विषं तिथे जास्त साठतात. रॉकेलसारखा वास येणारा मासा घेऊ नये. नाल्याच्या किंवा कारखान्याच्या तोंडाशी गळ टाकू नये. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी जास्त जपावं. तळ्यातला मासा म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. शेतात फवारलेलं औषध पावसाने तळ्यात उतरू शकतं.

बाजारात परतलो तेव्हा बंगाली मावशी हेच बोलल्या. "आमचा पुकुर घरासमोर आहे ना बाबा, त्यात जे टाकीन तेच माझ्या ताटात येईल. म्हणून आम्ही त्यात काही टाकत नाही." पुकुर म्हणजे तळं. आम्ही त्यांच्याकडून एक रोहू घेतला. आजोबांकडून शिंगाळ्याऐवजी बोटभर लांबीची बारीक मासळी घेतली. "मोठा नको काजी?" आजोबांनी विचारलं. मी कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग वरच्या लोकाइले सांगा ना जी. आमी त खालीच राहतो."

परतीच्या गाडीत भाचा खिडकीतून वैनगंगेकडे बघत होता. नेहमीसारखे प्रश्न नव्हते. मीच त्याला सांगितलं, की नागपूरला भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करतात, ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतात, आणि नाग नदी स्वच्छ करण्याची मोठी योजनाही मंजूर झाली आहे. तो एवढंच म्हणाला, "मामा, मावशींचं तळं घरासमोर आहे म्हणून त्या जपतात. आमचं तळं एवढं लांब आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

मित्रांनो, घरी भूगोलाचा नकाशा असेल तर उघडा. तुमच्या गावचा नाला कुठे जातो, त्यावर बोट ठेवा आणि बोट सरकवत सरकवत शेवटच्या गावापर्यंत न्या. तिथेही एक बाजार भरत असेल, आणि त्या बाजारात माशांची एक टोपली असेल.