उघडा हात

मानखुर्द सोडून लोकल खाडीपुलावर आली की मी अजूनही दाराशी येतो. ओहोटीला खाली काळा गाळ उघडा पडतो. लहानपणी त्या गाळात रुतलेली एक जुनी होडी होती. वरच्या फळ्यांचा भुसा झालेला, पण गाळाखालचं लाकूड खणखणीत. गाळात हवा शिरत नाही, म्हणून तो लाकूड राखतो, हे मला पुष्कळ उशिरा, पाण्याखाली बुडी मारायला शिकल्यावर कळलं.

बाल्टिक समुद्राचं थंड पाणी इतकं कमी खारट, की लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे तग धरत नाही. म्हणून १६२८ साली स्टॉकहोमला बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ साली बरंचसं शाबूत वर आलं. तिथला पाणबुड्या अख्खं जहाज पाहतो. आपल्या समुद्रात गाळाबाहेरचं लाकूड टिकत नाही. मुरगावजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या. गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवर बुडालेल्या जहाजातली कौलं आणि खांबांचे मातीचे भाग मिळाले, एकावर बासेल मिशन टाइल वर्क्सचं नाव आणि १८६५ हे साल. माझ्या आजोळच्या घरावरही अशीच मंगलोरी कौलं होती. पाण्याखाली त्यांचीच रास पडलेली असते, हे वाचलं तेव्हा मला ते जहाज नात्यातलं वाटलं.

अशा जागी सगळी कला श्वासाची. श्वास घेतला की अंग किंचित वर येतं, सोडला की खाली जातं. तेवढ्यावर तळापासून हातभर अधांतरी राहायचं. पाय बेडकासारखे मारायचे, नाहीतर गाळ उसळतो आणि काहीच दिसत नाही.

थंड समुद्रात हातात जाड मोजे असतात. आपलं पाणी कोमट, हात उघडा, आणि मोह तिथूनच सुरू होतो. सुरुवातीच्या वर्षांत कोकणातल्या एका खडकाजवळ मी एक कौल उचललं. लगेच खाली ठेवलं, पण ते कुठल्या कौलाला टेकलं होतं, कुठल्या अंगावर पडलं होतं, हे मला सांगता येईना. बुडताना जहाज कोणत्या कुशीवर कललं, ते अशाच गोष्टींवरून कळतं. तेवढा भाग मी पुसला. त्याची खंत अजून आहे.

तुम्हाला पाण्याखाली असं काही दिसलं, तर हात लावू नका. खोली आणि जागा पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहून घ्या आणि गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला कळवा.