रद्द झालेली परीक्षा

बाबा मॉस्कोतल्या एका प्रकाशनगृहात रशियन पुस्तकांचे मराठी अनुवाद करत, त्यामुळे माझं शिक्षण रशियन शाळेत झालं. १९८८ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सरकारने शाळांमधली इतिहासाची अंतिम परीक्षाच रद्द केली. स्टॅलिनच्या काळाबद्दल पाठ्यपुस्तकात जे छापलं होतं त्यातलं बरंचसं खोटं होतं, हे आता वर्तमानपत्रंच लिहू लागली होती. मग मुलांना विचारायचं काय? वरच्या वर्गातली पोरं खूश झाली. इतिहासाच्या बाई मात्र गप्प होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी तेच पुस्तक शिकवलं होतं.

पुढे आम्हाला त्या शिकवायला आल्या तेव्हा ते पुस्तक कपाटातच राहिलं. त्या ‘अगन्योक’ साप्ताहिक मोठ्याने वाचून दाखवत. एकदा छळछावण्यांवरचा लेख वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “माझ्या वडिलांना १९३७ मध्ये नेलं. आमच्या घरी त्यांचं नाव कुणी घेत नसे.” एवढं बोलून त्यांनी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. भर वर्गात असं बोलता येणं म्हणजे स्वातंत्र्य, हे मला त्या दिवशी कळलं आणि माझ्या लेखी आजही त्याचा अर्थ तोच आहे.

ऑगस्ट १९९१ चं कट्टर कम्युनिस्टांचं बंड तीन दिवसांत फसलं, डिसेंबरात क्रेमलिनवरचा सोव्हिएत लाल झेंडा उतरला. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण उठलं. दुकानांत माल दिसू लागला, पण जन्मभर साठवलेल्या पैशांना काही महिन्यांत कवडीचं मोल उरलं नाही. जानेवारी संपता संपता रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी रस्त्यावर विक्रीची मुभा दिली. मेट्रोच्या दाराशी पूर्वी घेणाऱ्यांच्या रांगा असत, आता विकणाऱ्यांच्या लागल्या. कुणाच्या हातात बुटांचा जोड, कुणाच्या हातात दुधाची बाटली. त्या रांगेत बाई उभ्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे पेले घेऊन. मला काही सुचेना. त्यांनीच विचारलं, “सोल्झेनित्सिन वाचून झाला का?” आईने सगळे पेले घेतले. बाईंनी सांगितल्या किमतीवर एक रूबलही जास्त घेतला नाही.

त्याच वर्षी बाबांचं काम बंद झालं आणि आम्ही पुण्याला परतलो. इथे लोक मला सांगतात, स्वातंत्र्याने रशियाला भिकेला लावलं. मला हे मुळीच मान्य नाही. ठेवीदारांना वाऱ्यावर सोडून किमती मोकळ्या करण्याचा निर्णय काही माणसांनी घेतला होता आणि तो वेगळा घेता आला असता. त्याचा दोष कृपा करून बोलण्याच्या मोकळीकीवर टाकू नका.