हरवलेल्या प्रोटॉनांचा हिशेब

"वेगाला पोचलेले प्रोटॉन कुणीही मोजेल. जे पोचले नाहीत, ते कुठे गेले हे तू सांग." पुण्यात एम.एस्सी.ला आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं हे वाक्य. पुढचं माझं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं. म्हणून ऋणांची आठवण काढायला बसले की आधी तेच आठवतात. त्यांना स्वतःचं नाव छापून आलेलं आवडत नसे, तेव्हा इथेही ते लिहीत नाही.

त्यांच्या प्रश्नामागे एक कठोर आकडा आहे. भरकटलेला प्रोटॉन निर्वात नळीच्या भिंतीवर आपटला की तिथला धातू हळूहळू किरणोत्सारी होत जातो. यंत्र बंद केल्यावर माणसांना आत जाऊन हाताने दुरुस्ती करता यायला हवी असेल, तर एका मीटर लांबीत साधारण एक वॉटपेक्षा जास्त झोत सांडून चालत नाही. एक मेगावॉटच्या झोतासाठी याचा अर्थ दर मीटरला दहा लाखांत एक भाग. सर हे फळ्यावर मांडत आणि वर म्हणत, "पाना हातात घेऊन आत कोण जाणार आहे, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आण आणि मग आराखडा काढ." आजही नव्या आराखड्याकडे बघताना मला आधी तो माणूस दिसतो.

प्रोटॉन भरकटतात ते मुख्यतः गर्दीमुळे. सगळे धनभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. वेग कमी असताना हा रेटा सर्वांत जास्त जाणवतो. चुंबकांनी बांधून दिलेली त्यांची आंदोलनं बदलतात, रेझोनन्सच्या, म्हणजे दर फेरीत लहान धक्के साचत जातील अशा स्थितीच्या, जवळ जातात आणि झोत फुगतो. सिन्क्रोट्रॉनमध्ये ऊर्जेबरोबर चुंबकीय क्षेत्रही वाढवत न्यावं लागतं, म्हणून दर सेकंदाला किती स्पंद निघतील याला मर्यादा पडते. इंग्लंडमधला आयसिस हा सिन्क्रोट्रॉन सेकंदाला ५० स्पंद देतो, ८०० एमईव्हीचे. शक्ती वाढवायची तर प्रत्येक स्पंदात आणखी प्रोटॉन कोंबावे लागतात, आणि गर्दी पुन्हा वाढते.

सरांनी एकदा मला एका जुन्या लेखाची झेरॉक्स दिली. फिजिकल रिव्ह्यू, १९५६. लेखक सिमन, कर्स्ट, जोन्स, लॅस्लेट आणि टर्विलिगर. मांडणी धाडसी होती. क्षेत्र कालानुसार बदलायचंच नाही, चुंबकांतला प्रवाह कायम ठेवायचा. मात्र त्रिज्येबरोबर क्षेत्र एका ठरावीक घातांकाने वाढेल असे चुंबक घडवायचे आणि एकाआड एक उलट दिशेचे बसवायचे. ऊर्जा वाढेल तसा प्रोटॉन बाहेरच्या कक्षेत सरकतो आणि एकाच नेगेटिव्हचे लहानमोठे फोटो छापावेत तशा या कक्षा एकमेकींसारख्या राहतात. त्यामुळे दर फेरीतल्या आंदोलनांची संख्या बदलत नाही, वाटेत रेझोनन्स ओलांडावा लागत नाही. क्षेत्र स्थिर असल्याने स्पंद किती वेगाने काढायचे हे फक्त रेडिओलहरींच्या पोकळीवर अवलंबून राहतं. थोडे थोडे प्रोटॉन, पण खूप वेळा. हवं तर ते वरच्या ऊर्जेला साठवून एकदम बाहेर काढता येतात, आणि तिथे गर्दीचा रेटा बराच सौम्य झालेला असतो.

हीच कल्पना जपानमध्ये तिहिरो ओकावा यांना आणि रशियात कोलोमेन्स्की यांना स्वतंत्रपणे सुचली होती. अमेरिकेत मध्य-पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या 'मुरा' या संघाने इलेक्ट्रॉनांची छोटी यंत्रं बांधून ती चालवूनही दाखवली. प्रोटॉनांच्या मोठ्या यंत्राला मात्र मंजुरी मिळाली नाही आणि १९६७ मध्ये संघ बंद झाला. मला त्या मंडळींबद्दल मनापासून आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी: त्यांनी जमलेलं, न जमलेलं, सगळं अंतर्गत अहवालांत नीट लिहून ठेवलं होतं आणि ते अहवाल जपले गेले. योशिहारू मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्सुकुबाच्या केईके प्रयोगशाळेत प्रोटॉनांचं असं पहिलं स्थिर क्षेत्राचं, म्हणजे एफएफए, यंत्र चालवलं. ५०० केईव्हीचंच, पण झोत साधारण एका मिलिसेकंदात पूर्ण वेगाला नेणारं. चुंबकीय मिश्रधातूच्या नव्या पोकळ्यांनी ते साधलं. त्याआधी चाळीसहून अधिक वर्षं प्रोटॉनांसाठी ही कल्पना अशा कागदांवरच जिवंत होती.

मोरी यांच्या कामामुळेच मी ओसाकाच्या दक्षिणेला कुमातोरीला पोचले. क्योतो विद्यापीठाच्या तेव्हाच्या अणुभट्टी संस्थेत १५० एमईव्हीसाठी आखलेलं एफएफए वलय होतं. मार्च २००९ मध्ये तिथे १०० एमईव्हीचे प्रोटॉन टंगस्टनवर आदळून निघालेले न्यूट्रॉन क्रांतिक पातळीखाली ठेवलेल्या अणुभट्टीच्या गाभ्यात सोडले होते. ट्रॉम्बेत थोरियमच्या अशाच अणुभट्ट्यांच्या गप्पा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ते वलय नुसतं पाहायला मिळणं हेही मोठंच होतं.

तिथे चुंबकमापन बघणारे एक वयस्क तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, मीही तेच म्हणायची. माझं जपानी बेताचं, त्यांचं इंग्रजी त्याहून बेताचं. आम्ही आकड्यांत बोलायचो. या वलयातल्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमधली फट बाहेरच्या बाजूला अरुंद होत जाते, त्यातूनच क्षेत्राची ती वाढ मिळते. फटीच्या मधोमध पितळी दांड्यावर बसवलेला, क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब ते तसूतसूने पुढे सरकवायचे. त्याआधी प्रवाह पूर्ण वर न्यायचा, खाली आणायचा, पुन्हा वर न्यायचा. लोखंडाची आधीची आठवण पुसली गेली की मगच ठरलेल्या आकड्यावर थांबायचं. नंतर थंड पाण्याचं तापमान स्थिर होईपर्यंत वाट. संगणक प्रत्येक वाचन आपोआप नोंदवत असे, तरी सेन्सेई चौकटीच्या वहीत पेन्सिलने पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान, दार किती वेळ उघडं होतं हेसुद्धा लिहायचे. एका रांगेतले आकडे किंचित वाकडे दिसत होते. मी प्रोबवर संशय घेतला. त्यांनी वही मागे उलटली, दार उघडं राहिल्याची नोंद दाखवली आणि ती रांग काही न बोलता पुन्हा मोजायला घेतली.

ते आकडे मग फ्रान्स्वा मेओ यांनी अनेक दशकं सांभाळलेल्या झ्गूबी या संगणकप्रणालीत घालून मी प्रोटॉनांचे मार्ग काढत असे. चुंबकांच्या कडांबाहेर सांडणारं क्षेत्र हा या आराखड्यातला सगळ्यात चिवट भाग. कागदावरचा घातांक आणि लोखंडातला घातांक यांत जी तफावत उरते, ती तिथेच सापडते. उलट्या चुंबकांमुळे वलय मोठं होतं, खर्च वाढतो, हेही खरं. तरीही जास्त शक्तीच्या प्रोटॉनांसाठी हाच रस्ता गांभीर्याने तपासला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मेगावॉटचं एफएफए यंत्र अजून जगात कुठेही बांधलेलं नाही. आयसिसच्या पुढच्या पिढीसाठी रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत शिंजी माचिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ पासून १२ एमईव्हीपर्यंत नेणाऱ्या एका चाचणी वलयाचा आराखडा केला आहे. आपल्या ट्रॉम्बेत २० एमईव्हीच्या रेषीय प्रोटॉन त्वरकावर, लेहिपावर, मंडळींनी वर्षानुवर्षं खपून काम केलं आहे. गर्दीचा आणि सांडण्याचा प्रश्न त्यांनाही तितकाच ओळखीचा आहे.

सर आता नाहीत. सेन्सेई निवृत्त होताना त्यांनी आपल्या वह्या संस्थेच्या ग्रंथालयात दिल्या. ट्रॉम्बे, इंदूर, कोलकाता इथल्या प्रयोगशाळांतून निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला माझी हात जोडून विनंती आहे: तुमच्या मापनाच्या वह्या रद्दीत घालू नका. संस्थेला द्या, आणि संस्थेत जागा नसेल तर मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.