सोलापूरची गाडी, पुण्याचा रस्ता

तात्यांनी ७६ व्या वर्षी सोलापूरची पेढी आम्हा भावांच्या स्वाधीन केली आणि ते पुण्यास धाकट्याकडे राहावयास गेले. गाडीही सोबत गेली. मोठे शहर आणि चालविणारे वृद्ध. विम्याचा हप्ता आता दुप्पट होणार, असे नात्यातील बहुतेकांचे भाकीत होते. आपण व्यापारी माणसे, भाकितापेक्षा आकडा बरा. मी पॉलिसीचे कागद घेऊन बसलो.

तृतीय पक्षाच्या भरपाईसाठी असलेला हप्ता सरकार ठरविते व तो देशभर एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीस तो ३,४१६ रुपये होता. तेथे गाव पाहत नाहीत, वयही नाही.

गावाचा संबंध येतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता. २००२ च्या दरपत्रकाने मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही ८ शहरे ‘अ’ विभागात घातली आणि उरलेला देश ‘ब’ विभागात. पाच वर्षांच्या आतील अशा मोटारीस ‘अ’ विभागात विमा-किमतीच्या ३.२८३ टक्के, ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के. पाच लाखांच्या गाडीवर फरक पडतो ४६० रुपयांचा! तोही नोंदणीच्या ठिकाणावरून. गाडी सोलापूरला नोंदलेली म्हणून ‘ब’. चालकाच्या वयाचा रकाना त्या पत्रकात नव्हताच. २००७ पासून कंपन्यांना या भागाचे दर ठरविण्याची मोकळीक मिळाली. चोऱ्या, पावसाळ्यात साचणारे पाणी, दुरुस्तीची मजुरी हे सारे त्या आपापल्या परीने जोखतात. म्हणून दोन-तीन ठिकाणचे भाव मागवावेत, हे बाजारात वावरणाऱ्यास सांगावयास नको. (अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर ६५ वर्षांवरील चालकास कायद्यानेच २५ टक्के सूट आहे.)

खरी रक्कम दडलेली असते ती दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीत. पाच निर्दाव वर्षांनंतर ती ५० टक्के होते. वरच्या हिशेबात सुमारे ८,००० रुपये. उतारवयात फाटकाला, खांबाला गाडी घासतेच. दोन हजारांच्या रंगकामासाठी दावा करून ही सवलत घालविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तथापि कागदांत एक गोष्ट आढळली, तिने हप्त्याचा विचार मागे पडला. आपल्यातील अनेकांप्रमाणे आमची गाडी भागीदारी पेढीच्या नावे आहे. मालक-चालकास मिळणारे १५ लाखांचे अपघात संरक्षण पेढीच्या गाडीस लागूच होत नाही. तात्या इतकी वर्षे त्याविना गाडी चालवीत आले. वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी तर तेथे मात्र कंपन्या वय पाहतात. गाडी त्यांच्या नावे करावी तर पेढीची सवलत त्यांना मिळणार नाही, कारण ती गाडीची नसून विमाधारकाची असते. शिवाय परवाना वैध हवा. ५५ वर्षांनंतर तो पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, वैद्यकीय प्रमाणपत्रासह.

मी नाव बदलण्याच्या बाजूचा आहे. आठ हजार आणि पंधरा लाख ही एका तागडीत घालावयाची वजने नव्हेत. तात्या परवान्यासाठी डोळे तपासून आले. नावाचे मात्र दिवाळीच्या वहीपूजनानंतर पाहू म्हणतात. तोपर्यंत गाडी धाकटा चालवील, एवढे त्यांनी मान्य केले आहे.