वऱ्हाडची काळी माती आणि चार चाकांची ओढ

जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्याचे नाव जगभर गाजले. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा एक पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, २५.२७५ किलोमीटरचा. त्याला दहा दिवस लागले होते. नातेवाइकांचे आखाती देशांतून फोन आले तेव्हा आम्हीही जरा छाती फुगवून बोललो.

याच महामार्गावर मूर्तिजापूरहून उत्तरेला वळले की दर्यापूर लागते. त्या तालुक्यातले आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. गावापर्यंत डांबर आहे. गाव संपले की शेतातल्या घरापर्यंत पांदण आहे, दोन किलोमीटरला थोडी कमी. त्या घरात दादी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. अकोल्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नाही, आणि वावर सोडून कुठे जायचे नाही हे त्यांनी एकदा सांगितले की विषय संपतो. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. तीन दिवसांची झड लागलेली. गावातल्या लोकांनी त्यांना बंडीत गादी घालून डांबरापर्यंत आणले. तेवढ्या अंतराला दीड तास लागला. पुढचे दर्यापूर, मूर्तिजापूर आणि अकोल्याचे हॉस्पिटल हा सगळा प्रवास त्याहून लवकर झाला. अल्लाहच्या कृपेने दादी बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून आमच्या घरात गाडी घ्यायची म्हणजे पांदणीतून जाणारी गाडी घ्यायची, असेच ठरले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, त्यामुळे पैसे साठायला वेळ लागला. साठलेला पैसा चुकीच्या वस्तूवर जाऊ नये, ही काळजी त्याहून मोठी.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे बायपासवर जाऊन चहा थंड व्हायच्या आत परत. सोबतच्या मुलाला पांदणीबद्दल विचारले तर तो नुसता हसला. आमचे नशीब असे की मुलांच्या मामूंनी नुकतीच माइल्ड हायब्रिड जातीची, चारही चाकांवर ओढणारी छोटी एसयूव्ही घेतली होती. ऑक्टोबरमध्ये दोन दिवस ती घेऊन ते अमरावतीला आले. म्हणाले, "घाट, दगड आणि चिखल, तिन्ही पाहा. मग पैसे मोजा." घाटासाठी चिखलदरा, दगडांसाठी नरनाळा आणि चिखलासाठी आमची पांदण, असा बेत ठरला. आम्ही दोघे, थोरली लेक आणि मामू. लेकीला लायसन मिळून वर्ष झाले होते, त्यामुळे स्टिअरिंग बहुतेक वेळ तिच्याच हातात राहिले.

आधी या माइल्ड हायब्रिडचा उलगडा करू, कारण या शब्दावरून बाजारात फार गैरसमज आहे. पेट्रोल गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असतो. माइल्ड हायब्रिडमध्ये त्याच्या जागी जनरेटरचे आणि मोटरचे, दोन्ही कामे करणारे यंत्र बसवतात आणि त्याच्या जोडीला एक लहान लिथियम बॅटरी देतात. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की फिरत्या चाकांची वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपात साठते आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते, क्लच दाबला की आवाज न करता सुरू होते. बस, एवढेच. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. नुसत्या विजेवर काही अंतर जाते ती स्ट्राँग हायब्रिड. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या जोडगाड्यांत दोन्ही प्रकार मिळाले. त्यांचे कागदावरचे मायलेज पाहिले की फरक कळतो: ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड लिटरला २७.९७ किलोमीटर, चार चाकांची माइल्ड हायब्रिड १९.३८. पण चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा तेव्हा फक्त माइल्ड हायब्रिडमध्येच दिली गेली. म्हणजे पेट्रोल वाचवायचे की चिखलातून निघायचे, हे गिऱ्हाइकाने आधीच ठरवायचे.

सकाळी अमरावती सोडले. परतवाड्यापर्यंत गाडीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अचलपूरला जोहरची नमाज अदा केली. हे एकेकाळी इमादशाहीच्या राजधानीचे गाव. १४९० मध्ये फतहुल्लाह इमादउल्मुल्कने बहामनी सत्तेपासून वेगळे होऊन वऱ्हाडचे राज्य उभे केले, ते १५७४ पर्यंत टिकले. गावाबाहेरचा अष्टकोनी हौज कटोरा लेकीला दाखवायचा होता, पण मामूंना घाटाची घाई होती.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सुरू झाला. दीड लिटरचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन चार माणसे आणि सामान घेऊन चढताना कष्टते. वळणावर दुसरा गिअर आधीच टाकावा लागतो. पडद्यावर मोटर मदत करत असल्याचा बाण दिसत होता, पण चार-सहा वळणांत बॅटरी रिकामी झाली आणि बाण गेला. सलग चढाला हायब्रिडची मदत अशी क्षणभराचीच. उतरताना मात्र उलटा हिशेब: बाण बॅटरीकडे वळला आणि खाली येईपर्यंत ती भरलेली होती. परतवाड्याच्या सपाटीवर तिचा उपयोग होणार, घाटात नाही. घाटातल्या लोकांनी हे लक्षात ठेवावे.

वर गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशाहाने १४२५-२६ च्या सुमारास बांधला, फतहुल्लाहने १४८८ मध्ये दुरुस्त केला. गाडी बाहेर लावून आम्ही पायी आत गेलो. तटावर उभे राहून मामूंनी डोंगरांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "खरे ऑफ रोडिंग इथे झाले." ते १८०३ च्या डिसेंबरबद्दल बोलत होते. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अचलपूरच्या बाजूने डोंगराला वळसा घालून किल्ल्याच्या उत्तरेला पोहोचायचे ठरवले. वाट नव्हतीच. सैनिकांनी स्वतः वाट केली आणि जड तोफा जवळजवळ सगळे अंतर हाताने ओढत आणल्या. पाच दिवस लागले. १५ डिसेंबरला खिंडार पाडून किल्ला घेतला गेला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, आणि वऱ्हाडचे दैव बदलले. पंधरवड्यात अंजनगाव सुर्जीला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. लेकीने विचारले, या तोफा पावसाळ्यात आणल्या असत्या तर? मामू म्हणाले, "पावसाळ्यात कोण आणतो? दिवाळी होऊन जमीन वाळली की लढाया." आमच्या साऱ्या प्रवासातला सगळ्यात उपयोगी मुद्दा त्यांनी तिथे सहज सांगून टाकला होता.

रात्री परतवाड्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटेच अंजनगाव ओलांडून अकोट आणि तिथून शहानूर. हे नरनाळ्याच्या पायथ्याचे गाव. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, फी भरूनच वर जाता येते, आणि ठरलेला रस्ता सोडून चाक खाली घालता येत नाही. हे योग्यच आहे. जाहिरातीत नदीत उड्या मारणाऱ्या गाड्या पाहून कोणी जंगलात तसे करू लागला तर त्याला दंड झालाच पाहिजे. तरी वरच्या रस्त्यावर उखडलेले दगड, पावसाने कोरलेल्या नाल्या आणि सैल मुरूम होताच. इथे गाडी खुलली. २१० मिलिमीटरची उंची दगडांना पुरली. एका वळणावर मागचे एक चाक हवेत उचलले गेले. साध्या गाडीची ताकद अशा वेळी हलक्या झालेल्या चाकात वाया जाते. लेकीने लॉकचे बटण दाबले, बाकीच्या चाकांना ओढ मिळाली आणि गाडी सरकत वर गेली. उतरताना आणखी एक बटण, ते दाबले की गाडी स्वतः ब्रेक मारत हळूहळू उतरते, पाय मोकळे ठेवायचे. पहिल्यांदा पाय मोकळे ठेवायला हिंमत लागते.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहायला वेळ काढा. १४८७ चे अरबी शिलालेख, दगडातली कमळे, नक्षीच्या झरोक्यांसारख्या खिडक्या. आम्ही अर्धा तास थांबलो आणि तो कमी पडला.

अकोटहून दर्यापूरकडे निघालो आणि माती बदलली. सातपुड्याचा मुरूम मागे राहिला, पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती सुरू झाली. विहिरीचे पाणी खारट, कापूस, तूर आणि हरभरा ही पिके. दर्यापूरहून जाणारी जुनी शकुंतला रेल्वे हाच कापूस वाहायला टाकलेली, आता बंद आहे. या मातीत फुगणारी चिकणमाती फार. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी लागले की तीच माती फुगून लोण्यासारखी होते आणि टायरला चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की चाक गोटीसारखे गुळगुळीत होते. मग गाडीला चार चाके ओढतात की दोन, याला फारसा अर्थ उरत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पांदण ओलसर होती, वर साय धरल्यासारखी. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधला उंचवटा. आमची जुनी हॅचबॅक याच उंचवट्यावर पोट टेकवून बसायची. ही गाडी टेकली नाही. लॉक दाबून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने लेकीने ती दादींच्या अंगणात नेऊन उभी केली. बारा मिनिटे. दादींनी बोनेटवर हात ठेवून दुआ दिली आणि विचारले, "पावसातही येईल?"

उत्तर त्याच रात्री मिळाले. परतीचा पाऊस आला आणि तीन तास थांबला नाही. सकाळी ही परीक्षा घ्यायचीच होती, म्हणून शेजारच्या तरुणाला ट्रॅक्टर घेऊन नाल्यापाशी उभे राहायला सांगितले. तो गाडी पाहून म्हणाला, "भाऊ, कायी माती हाये. इले फोर व्हील काय समजते!" निम्मी पांदण गाडीने घसरत का होईना पार केली. नाल्याच्या उतारावर चारही चाके फिरू लागली आणि गाडी जागची हलेना. इंजिनात जोर होता, हायब्रिड होती, लॉक होते. धरायला जमीन नव्हती. मडगार्डमध्ये इतका गारा भरला की तो विळ्याने खरवडून काढावा लागला. चाकांखाली पऱ्हाट्या घातल्या, टायरची हवा थोडी कमी केली, गाडी हातभर पुढे गेली आणि पुन्हा बसली. शेवटी साखळी लावून ट्रॅक्टरने ओढली. त्या पोराने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

ओसरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. कोरड्या आठ महिन्यांत ही पांदण कोणतीही गाडी, जरा जपून, पार करते. ऐन झडीत फक्त बंडी आणि ट्रॅक्टर. चार चाकांची गाडी कामाला येते ती मधल्या दिवसांत: पहिल्या पावसानंतर, उघडिपीत, ऑक्टोबरात. दादींच्या मते असे दिवस वर्षात दीड-दोन महिने. ज्या रात्री त्यांना नेले त्या रात्री ही गाडीही नाल्यात अडकली असती. हे मोठ्याने कोणी बोलले नाही, पण सगळ्यांना कळले होते. ज्यांच्या घराकडे मुरमाचा किंवा दगडी रस्ता जातो, धारणीकडे, चिखलदऱ्याकडे, त्यांनी चार चाकांचे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने ते द्यायच्या आधी स्वतःच्या पांदणीवर मुरूम आहे का ते पाहावे.

मुरूम टाकायचा तर पांदण आधी रुंद हवी. आमची पांदण नकाशावर रुंद आहे, जमिनीवर दोन्ही बाजूंचे धुरे सरकत सरकत ती बंडीपुरती उरली आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते; शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. पण अतिक्रमण काढल्याशिवाय कोणतीच योजना धुऱ्यापलीकडे जात नाही, आणि शेजाऱ्यावर अर्ज टाकणे खेड्यात सोपे नसते. दादींचे म्हणणे, आधी तोंडाने विचारा.

लेकीने त्याच दुपारी वहीच्या पानावर संमतिपत्र लिहिले: नकाशाप्रमाणे मोजणी होईल, ज्याचा धुरा आत आला असेल तो मागे घेईल, मुरमाच्या खर्चात पहिला वाटा आमचा. पांदणीला लागून चार वावरे आहेत. संध्याकाळपर्यंत तिघांच्या सह्या झाल्या, ट्रॅक्टरवाल्या पोराच्या वडिलांची सगळ्यात आधी. चौथे सोयाबीन घेऊन अंजनगावला गेले होते. त्यांच्याशी दादी स्वतः बोलणार आहेत. गाडीचे बुकिंग आम्ही दिवाळीनंतर पाहू.